एक गुणसूत्र जास्त

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसावर संशोधन चालते. या उसाच्या एकेका पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ४६. उसात एकाच गुणसूत्राच्या आठ-दहा प्रती असल्याने एखादी वाढली तरी फारसे बिघडत नाही. माणसात प्रत्येकाच्या साधारणपणे दोनच प्रती. तिसरी आली, की तिच्यावरच्या जनुकांचा जोर दीडपट होतो आणि शरीराच्या घडणीचा तोल ढळतो.

एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आली, तर बाळाला ‘डाउन सिंड्रोम’ होतो. इंग्रज डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले. कारण कळायला १९५९ साल उजाडले. हे गुणसूत्र सर्वांत लहान, त्यावरची जनुकेही कमी. म्हणून ही मुले जगतात, वाढतात. अठरावे किंवा तेरावे वाढल्यास मात्र बहुतेक बाळे वर्षही काढत नाहीत.

हे होते कसे? स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना जोडीतली गुणसूत्रे वेगळी व्हावी लागतात. कधी ती होत नाहीत. आईच्या पस्तिशीनंतर ही शक्यता वाढते. तरी तरुण मातांनाही अशी मुले होतात. ग्रहणात विळी हाती घेतली, अमुक खाल्ले, याचा काहीही संबंध नाही. बहुतेक वेळा गर्भ राहण्यापूर्वीच घडून गेलेल्या गोष्टीबद्दल सुनेला बोल लावणे हा अन्याय आहे. मोजक्या कुटुंबांत मात्र गुणसूत्रांतला बदल आई किंवा वडिलांकडून येतो. बाळाच्या रक्ततपासणीत तशी खूण दिसली, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

आता बाळाकडे वळू. अशा सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. पुष्कळदा तो शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. म्हणून हृदय, थायरॉईड, कान, डोळे लगेच तपासावेत. स्नायू सैल असतात, बोलणे उशिरा येते. त्यासाठी व्यायाम आणि वाचाउपचार पहिल्या वर्षापासून हवेत.

पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिला डाउन सिंड्रोम आहे. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. प्रत्येक मूल पोहण्यात नाव काढेलच असे नाही. पण आपल्या हाताने जेवणे, कपडे घालणे, दुकानातून सामान आणणे यांतले बरेच काही ते शिकू शकते. त्याला वेळ जास्त लागतो, तो आपण द्यायचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)