क्वीनची गिटार स्वस्त होती, आवाज स्वस्त नव्हता

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकून "एवढे आवाज म्हणजे सिंथेसायझर असणारच" असं म्हणणारे आजही भेटतात. पंचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला आणि तिथल्या 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्यासाठी घरचाच माणूस. पण क्वीन या त्याच्या बँडबद्दलचे गैरसमज आपल्याकडेही तितकेच पक्के आहेत. सिंथेसायझरचा निकाल चटकन लागतो. सत्तरच्या दशकात क्वीनने आपल्या अल्बमच्या वेष्टनांवर 'यात सिंथेसायझर नाही' असं चक्क छापलं होतं. त्यांनी तो पहिल्यांदा वापरला १९८० च्या 'द गेम'मध्ये.

दुसरा गैरसमज गिटार शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना महागात पडतो: तसा आवाज हवा तर तशी भारी गिटार हवी. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची 'रेड स्पेशल' ही गिटार कुठल्याच दुकानातून आलेली नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये, वय वर्षे सोळा असताना, त्याने ती वडिलांबरोबर घरी बनवायला घेतली. नेकचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. त्याला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, पट्ट्यांवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. स्वर थरथरवणाऱ्या ट्रेमोलोमध्ये जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा आणि त्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. वाजवायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सिक्सपेन्सचं नाणं. त्याच्या कडेच्या बारीक रेघा तारेला घासल्या की स्वराला किंचित खरखरीत धार येते. ब्रायनच्या सांगण्यानुसार सगळा खर्च सुमारे ८ पौंड.

इथे वाचक खूश होऊन म्हणतो, वा, जुगाड! मला हा शब्द इथे पटत नाही. ब्रायनचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते, आणि काम दोनेक वर्षं चाललं. तारांची कंपनं टिपणाऱ्या तिन्ही पिकअपना चालू-बंद करायचं एकेक आणि फेज उलटवायचं एकेक बटण आहे. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लावले की त्यांच्या आवाजातला बराचसा भाग एकमेकांना खोडतो आणि उरतो तो नाकातून आल्यासारखा सूर. हे अंदाजाने जमत नाही.

हीच गोष्ट 'डीकी अँप' या अँप्लिफायरची. १९७२ च्या सुमारास बास वाजवणाऱ्या जॉन डीकनला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्यात वायरी लोंबणारा एक सर्किट बोर्ड दिसला. तो त्याने लहानशा स्पीकरच्या खोक्यात बसवला, ९ व्होल्टची बॅटरी जोडली. आवाज कमीजास्त करायचं बटणसुद्धा नाही. कचऱ्यातून सोनं निघालं, असं सगळे सांगतात. डीकनकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. 'गुड कंपनी' या गाण्यात जी जॅझची अख्खी पलटण वाजते, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ती सगळी रेड स्पेशल आणि हे खोकं. ब्रायनने काही ठिकाणी एकेक स्वर सुटा रेकॉर्ड करून ती ओळ जुळवली.

'गुड कंपनी'च्याच अल्बममधल्या 'सीसाइड राँदेव्हू'तलं टॅप नृत्य? फ्रेडी आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी शिंप्याची अंगुस्तानं बोटांत घालून मिक्सरच्या टेबलावर केलेली टकटक.

'वी विल रॉक यू' (१९७७) म्हणजे ढोल आणि हजारोंचा जमाव, हाही समज खोटा. ड्रम त्यात नाहीतच. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, चर्चच्या जुन्या इमारतीत, काही जणांनी फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, आणि ते पुन्हापुन्हा रेकॉर्ड केलं. साधा इको घातला की आवाज सारख्या अंतराने परत येतो आणि कानाला ओळखू येतो. ब्रायन पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. त्याने त्या रेकॉर्डिंगच्या प्रती मूळ संख्यांच्या प्रमाणात वेळेत मागे सारल्या. अंतरं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे इको न वाटता मैदानभर पसरलेली माणसं वाटतात.

शेवटचा गैरसमज सगळ्यात लाडका: म्हणजे क्वीनचं रेकॉर्डिंग स्वस्तात झालं. सामान स्वस्त होतं, वेळ स्वस्त नव्हता. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं रेकॉर्डिंग वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं आणि मग आणखी काही स्टुडिओंत फिरलं. मधला ऑपेरासारखा भाग करायलाच तीनेक आठवडे लागले. त्यात भाड्याचे गायकही नाहीत. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर, एवढेच तीन गळे. टेपवर ट्रॅक २४. ते भरले की त्यांचं मिश्रण करून जागा मोकळी करायची आणि पुन्हा गायचं. टेप यंत्रावरून इतक्यांदा धावली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसायला लागलं.

तेव्हा मुलाने गिटारसाठी महागडा इफेक्ट्स प्रोसेसर मागितला, तर आधी त्याला हेडफोन लावून 'गुड कंपनी'चा उत्तरार्ध ऐकवा आणि त्यात क्लॅरिनेट किती आहेत ते मोजायला सांगा.