पालुपद कुणाचं : माणसाचं की गावाचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून एक प्रश्न आला होता. माणूस जे वाक्य सारखं सारखं बोलतो, त्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो का? व्हॉट्सॲपवर अशा याद्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. 'खरं सांगू का' म्हणणारा खोटारडा, 'बघू' म्हणणारा चालढकल करणारा, 'मी म्हटलंच होतं' म्हणणारा अहंकारी. आम्हाला या याद्यांचा जरा रागच आहे. का, ते सांगतो.

आपल्याकडे या सवयीला दोन शब्द आहेत. एक तकिया कलाम. तकिया म्हणजे उशी, लोड. बोलता बोलता विचार थांबला की माणूस ज्या शब्दांना टेकून बसतो, ते शब्द. दुसरा शब्द पालुपद. प्रत्येक कडव्यानंतर गाणं जिथे परत येतं, ती ओळ. आता बघा, टेकणं वेगळं आणि परत येणं वेगळं. टेकायला कुठलाही लोड चालतो, त्यावरून स्वभाव काय कळणार? पण मन पुन्हा पुन्हा एकाच जागी परत येत असेल, तर तिथे काहीतरी असतं.

पालुपदानेच माणूस ओळखला गेल्याचं उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात एक तरुण लोकांच्या दृष्टीस पडला, असं परंपरा सांगते. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तोंडी मात्र सतत 'गण गण गणात बोते'. त्या बोलावरूनच लोक त्यांना गजानन महाराज म्हणू लागले, असं सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. आम्हाला इथे एवढंच दिसतं, की लोकांनी त्या बोलावरून स्वभावाचा निकाल लावला नाही. बोलाचा अर्थ काय, यावर आजही चर्चा चालते. नाव तेवढं दिलं.

आपण मात्र निकालाची घाई करतो, आणि बहुतेक वेळा चुकतो ते इथे, की पालुपद त्या माणसाचं नसतंच, ते त्याच्या मुलखाचं असतं. घाटाखाली खामगाव, नांदुऱ्याकडे कुणी 'काऊन?' विचारलं, की पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वाटतं हा अंगावर येतोय. अहो, तो फक्त 'का' विचारतोय! 'काय करून राह्यले भाऊ?' यात चौकशी कमी, आपुलकी जास्त. मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याकडे लक्ष वेधलं होतं. ते माहिती देण्यासाठी नसतं, माणसांतला धागा तुटू नये म्हणून असतं. 'जेवण झालं का' याचं उत्तर कुणी मोजून ठेवत नाही.

दुसरी चूक इंग्रजीतलं संशोधन जसंच्या तसं उचलण्याची. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे लोकांचे बारीकसारीक शब्द मोजले. त्यातून निघालं असं, की दोघांच्या बोलण्यात 'मी' जास्त वापरतो तो बहुधा अधिकाराने खालचा असतो. म्हणजे 'मी मी करणारा अहंकारी' हे उलटंच पडलं. पण मराठीत 'येतो', 'करते' म्हटलं की 'मी' न उच्चारताही कळतो. शिवाय आपला माणूस स्वतःबद्दलच 'आपल्याले काय करायचं बापा' असं म्हणतो. तिथे 'मी' मोजणार कुठून?

मग या सगळ्यात उपयोगाचं काय उरतं? आमच्या मते, दोन माणसांची पालुपदं एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एकाच माणसाचं कालचं आणि आजचं ताडून पाहावं. २०१८ मध्ये रीडिंग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ऑनलाइन लिखाण तपासलं. चिंता, नैराश्य असलेल्यांच्या लिखाणात 'सगळंच', 'कधीच', 'काहीच' अशा टोकाच्या अर्थाचे शब्द जास्त आढळले. एकदा 'काही खरं नाही' म्हटल्याने काही होत नाही, ते आपण सगळेच म्हणतो, पावसाबद्दल, क्रिकेटबद्दल. पण गमतीने म्हटलं जाणारं वाक्य गंमत सोडून तसंच उरलं, तर कान टवकारायला हवेत.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात बुलढाणा होता. कशासाठी मिळालं, ते इथे कुणाला सांगायला नको.

घाटाखालच्या एका गावातले काका आम्हाला आठवतात. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : 'पाहू नं बापा.' पोरीचं लग्न? पाहू नं बापा. विहीर? पाहू नं बापा. घरचे वैतागायचे, म्हणायचे यांचं काही ठरतच नाही. एका वर्षी सोयाबीन हातचं गेलं. दिवाळीनंतर शेजाऱ्याने सहज विचारलं, 'काका, हरभरा पेरता का?' काका म्हणाले, 'आता काय पाह्यचं राह्यलं.'

शब्द जवळपास तेच, पण शेजारी घरी गेला नाही, ओट्यावरच बसून राहिला. तासाभराने कर्जाचा विषय निघाला, झोप लागत नाही हेही निघालं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेला. आता टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आम्ही भेटलो तेव्हा विहिरीचं विचारलं. काकांनी आमच्याकडे पाहिलं नि म्हणाले, 'पाहू नं बापा.' काकू आतून ओरडल्या, 'झालं यायचं सुरू!'