सही नाही, मग करार झाला की नाही?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण वचन म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याचा व्यवहारातला प्रश्न घेऊ. आपल्या कल्याणात जुन्या फ्लॅटचा सौदा कसा होतो? भाव ठरतो, टोकन दिलं जातं, साठेखताचा मसुदा मोबाइलवर येतो. 'सह्या रविवारी करू' म्हणतात. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक जास्त भाव देतं आणि मालक विचारतो, "सही कुठे आहे?"

सही नाही म्हणजे काहीच नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही करारच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं, की विक्रीचा तोंडी करारही वैध असतो आणि एकट्या विकणाऱ्याची सही असलेलं साठेखतही चालतं. म्हणजे सही ही संमती नव्हे, संमतीची खूण आहे. खूण नसेल तर संमती दुसऱ्या मार्गाने दाखवावी लागते.

खरी अडचण इथेच आहे. तोंडी करार सिद्ध करण्याचं ओझं दावा लावणाऱ्यावर, आणि ते जड असतं. कोणता फ्लॅट, किती किंमत, यावर दोघांचं एकमत दिसलं पाहिजे. बँकेतून दिलेलं टोकन, मेसेज, साक्षीदार उपयोगी पडतात. पण 'सह्या झाल्यावरच पक्कं' असं दोघांनी मानलं असेल, तर तो मसुदाच, करार नव्हे.

आणि करार सिद्ध झाला तरी घर तुमचं होत नाही, बरं का! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं, की साठेखताने मालकी येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तुम्हाला मिळतो तो करार पुरा करून घेण्याचा हक्क. त्यासाठी उरलेले पैसे देण्याची तयारी दाखवावी लागते आणि सहसा ३ वर्षांत दावा लावावा लागतो.

नव्या इमारतीत बिल्डरला, २०१६ च्या रेरा कायद्याने, नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या फ्लॅटच्या खरेदीत हे संरक्षण नाही.

ह्यूम म्हणायचा, वचन निसर्गात सापडत नाही. माणसांनी ती पद्धत उभी केली. मग ती नीट पाळायला काय हरकत आहे? टोकन देतानाच विसारपावती करा. फ्लॅट क्रमांक, किंमत, मुदत, सौदा मोडल्यास पैशाचं काय, हे लिहा आणि दोघांच्या सह्या तिथेच घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.