नवजात बालकाच्या शीर्ष व मुखाचे मापन : माहूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

मानवाच्या डोक्याचा आकार अंकांत मांडण्याची पद्धत शारीरिक मानवशास्त्रात जुनी आहे. स्वीडनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८४० च्या दशकात शीर्षनिर्देशांकाची कल्पना मांडली. डोक्याच्या कमाल रुंदीस कमाल लांबीने भागून १०० ने गुणले असता हा निर्देशांक मिळतो. तो ७६ पेक्षा कमी असल्यास दीर्घशिरस्क, ७६ ते ८१ च्या दरम्यान मध्यमशिरस्क व त्यापुढे पृथुशिरस्क असे वर्ग रूढ आहेत. मात्र हे वर्ग प्रौढांच्या मापनावरून ठरलेले असून ते नवजात बालकास जसेच्या तसे लावणे सदोष ठरते.

नांदेड जिल्ह्यातील माहूर व लगतच्या किनवट या डोंगराळ भागात गोंड, कोलाम, आंध, बंजारा आदी समाज शेजारी राहतात. अशा प्रदेशात समाजवार बालकांची डोकी मोजून तुलना करण्याचा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. परंतु जन्मतः कवटीची हाडे जुळलेली नसतात. त्यांच्यामध्ये तंतुमय सांधे असतात व टाळू मऊ असते. प्रसूतीच्या वेळी हाडे एकमेकांवर सरकतात आणि डोके लांबट होते. समजा, एखाद्या बालकाच्या डोक्याची लांबी ११.६ सें.मी. व रुंदी ९.२ सें.मी. आहे, निर्देशांक ७९.३ येतो. दीर्घकाळ चाललेल्या प्रसूतीनंतर त्याच डोक्याची मापे १२.४ व ८.८ झाली, तर तो ७१ वर येतो. वर्ग बदलला, वंश मात्र तोच! हा बदल बहुधा काही दिवसांत ओसरतो. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकाचे डोके त्यामानाने गोल दिसते, तर पायाळू बालकाचे अनेकदा लांबट असते.

मापनातील चूकही येथे अधिक भोवते. कॅलिपरने रुंदी घेताना २ मि.मी. कमी भरली, तर प्रौढाच्या (१९ बाय १५ सें.मी.) निर्देशांकात सुमारे १ अंकाचा फरक पडतो, वरील बालकाच्या बाबतीत तो १.७ इतका होतो. म्हणून एकाच निरीक्षकाने दोनदा मापे घेणे आवश्यक ठरते.

मुखनिर्देशांकासाठी नासिकामूळापासून हनुवटीच्या खालच्या टोकापर्यंतची उंची व गालाच्या हाडांमधील रुंदी घेतात. नवजात बालकास दात नसतात, खालचा जबडा अविकसित असतो आणि गालांत मेद भरलेला असतो. साहजिकच बहुतेक चेहरे आखूड व रुंद भरतात. मेंदूच्या कवटीशी चेहऱ्याचे आकारमान जन्मतः सुमारे एक-अष्टमांश असते, प्रौढपणी ते निम्म्याच्या जवळ जाते. तेव्हा रडत्या बालकाच्या हनुवटीवरून समाजाचा चेहरा ठरविणे व्यर्थ होय.

जन्मानंतरही आकार स्थिर नसतो. टाळू भरणे, तेल लावून डोके चोळणे, डोके गोल बसावे म्हणून मोहरीची उशी देणे हे प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. बाळ सतत एकाच कुशीवर किंवा उताणे झोपल्यास डोके त्या बाजूस चपटे होते. फ्रान्झ बोआस यांनी १९१०-१२ दरम्यान अमेरिकेतील स्थलांतरितांच्या अपत्यांत निर्देशांक बदलल्याचे दाखविले. त्यानंतर बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी कवट्यांच्या असमानतेचा अभ्यास करून ती वंशाशी निगडित नसल्याचे नोंदविले. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष होता. कर्वे व वि. म. दांडेकर यांचे १९५१ चे महाराष्ट्रातील मानवमितीय मापन प्रसिद्ध आहे.

मग नवजात बालकाचे डोके मोजूच नये काय? अवश्य मोजावे, पण वेगळ्या हेतूने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार जन्मतः डोक्याचा मध्यक घेर मुलांत ३४.५ व मुलींत ३३.९ सें.मी. असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा सुमारे २ सें.मी. वाढतो. याहून वेगाने वाढणारा घेर व फुगलेली टाळू हे मेंदूत पाणी साचल्याचे लक्षण असू शकते. फार लहान घेर मेंदूच्या अपुऱ्या वाढीकडे निर्देश करतो. मधला सांधा अकाली जुळल्यास डोके होडीसारखे लांबट राहते आणि जन्मवेळच्या लांबटपणाप्रमाणे ओसरत नाही. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांचीही जन्मतः तपासणी अंतर्भूत आहे.

माहूरसारख्या दुर्गम भागात न ताणली जाणारी साधी मोजपट्टी कॅलिपरपेक्षा अधिक उपयोगी ठरते. नोंदीत आकड्यासोबत जन्मापासून झालेले तास, प्रसूतीचा प्रकार, गर्भकाळाचे आठवडे आणि डोक्यावरील सूज यांचा उल्लेख हवा, आणि दुसरे माप आठवड्यानंतर घ्यावयास हवे.