वाफा, चूल आणि टाळ
लेखमाला : मोठी झालेली मुलं – लेखांक ६

मागच्या लेखात आपण अठराव्या वाढदिवसापाशी थांबलो होतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मुलगा त्या दिवशी कायद्याने सज्ञान होतो, आईवडिलांचं आपोआप मिळालेलं पालकत्व संपतं, आणि १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो, हे आपण पाहिलं. कागदाचं ते काम एकदा झालं की झालं. पण विशेष शाळाही त्याच सुमारास संपते, आणि तिथून पुढे रोज सकाळी एकच प्रश्न दारात उभा राहतो : आज दिवसभर काय करायचं?

या सगळ्या विषयातला सर्वांत जड प्रश्न मला हाच वाटतो. वेळेवर उठणं, डबा भरून घेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, अशा सवयी शाळेने दहा-बारा वर्षं खपून लावलेल्या असतात. वापर थांबला की त्या पुसट होत जातात. वजन वाढतं, झोप उलटीपालटी होते, चिडचिड सुरू होते आणि घरचे म्हणतात, मोठा झाला नि बिघडला. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, त्याचा दिवस रिकामा झालेला असतो. हा दिवस आता लांबलाही आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात आहे. म्हणजे शाळेनंतरची चाळीस वर्षं, आणि त्यातली कितीतरी आईवडील गेल्यावरची.

आमच्या मालवण भागात हा विषय काढला की जुनी माणसं सांगतात, पूर्वी असं काही नव्हतं. वाडीत एखादा ‘भोळो’ असायचा, तो गुरं सोडायचा, माडांना पाणी घालायचा, पालखीबरोबर चालायचा, चार घरी जेवायचा. हे खरं आहे, आणि अर्धंच खरं आहे. त्याला वाडीत जागा होती. पण त्याच्या कामाचा मोबदला पोटभर जेवणापलीकडे जात नव्हता, आणि तुला हे काम आवडतं का, असं त्याला कुणी विचारत नव्हतं. आज ती जागाही उरलेली नाही. गोठे रिकामे आहेत, मुलगे मुंबईला आहेत, घरात वयस्क आईबाप आणि टीव्हीसमोर बसलेला पस्तिशीचा मुलगा. मला जुनं परत आणायचं नाही. त्यातली जागा हवी आहे, आणि ती त्याच्या मर्जीने हवी आहे.

असं कुठे घडलं आहे का? पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवणला ‘साधना व्हिलेज’ १९९४पासून उभं आहे. प्रौढ, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली माणसं तिथे घरासारख्या घरांत राहतात, त्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात, आणि बागकाम, स्वयंपाक, हस्तकला, गाणं यांनी त्यांचा दिवस बांधलेला असतो. या कल्पनेचं मूळ स्कॉटलंडमध्ये आहे. नाझींमुळे १९३८मध्ये व्हिएन्ना सोडावं लागलेले डॉक्टर कार्ल क्योनिग यांनी १९४०मध्ये अ‍ॅबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाच्या जागी मुलांसोबत राहायला सुरुवात केली. मदत करणारे आणि मदत घेणारे एकाच घरात, एकाच पंगतीला, हा त्यातला गाभा. आपल्या शेजारी रत्नागिरीत ‘आविष्कार’ संस्थेची प्रौढांसाठीची कार्यशाळा आहे. तिथले आकाशकंदील आणि पणत्या दिवाळीत विकल्या जातात. इकडे सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात पणदूरला ‘जीवन आनंद’ संस्थेचा संविता आश्रम निराधार आणि मनोरुग्णांना सांभाळतो. त्याचं काम वेगळं आहे, पण टाकलेल्या माणसाला हा जिल्हा जागा देऊ शकतो, याचा तो धडधडीत दाखला आहे.

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते जपानमधलं उदाहरण. अशिकागा शहरात नोबोरू कावादा नावाच्या शिक्षकाने १९५८मध्ये आपल्या बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका कड्यासारख्या उतारावर द्राक्षांची लागवड केली. उतार इतका उभा की त्यावर यंत्र चढत नाही, सगळं हातानेच करायचं. पुढे तिथे ‘कोको फार्म’ उभं राहिलं, आणि २०००मध्ये ओकिनावाला भरलेल्या जी-८ परिषदेत तिथली वाइन पाहुण्यांना दिली गेली. ती दयेपोटी नव्हती, चांगली होती म्हणून दिली. कोकणच्या दरडी चढून ज्यांनी शेतीबागायत केली, त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. आमसुलांचं उदाहरण घेते, कारण त्यात या विषयाचं सगळं शास्त्र आलेलं आहे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरतात. ते धुवायचे, फोडायचे, गर नि बिया बाजूला काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं रंग काळपट लाल होईपर्यंत. बियांचं मुठेल होतं. ‘आमसुलं करता येतात का?’ असं विचारलं तर पुष्कळ आया ‘तेका जमाचा नाय’ म्हणतील. पण रातांबे पाण्यात टाकून हलवता येतात का? फोडलेल्यातून बी बोटाने काढता येते का? सालं पाटावर एकमेकांना न चिकटवता मांडता येतात का? एक काम दहा तुकड्यांत मोडलं की दहातले पाच तुकडे जवळपास प्रत्येकाला जमतात. विशेष शिक्षक याला कार्यविश्लेषण म्हणतात. आमच्या आज्या मुलांना हाताखाली घेऊन न सांगता हेच करायच्या.

रोज तेच, तसंच, त्याच क्रमाने करणं तुम्हा-आम्हाला कंटाळवाणं होतं. स्वमग्न माणसाला त्यात अनेकदा आधार मिळतो, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं. पण इथे एक सांभाळायचं. बिया काढायला जमतं म्हणून त्याला आयुष्यभर बियाच काढायला लावायच्या नाहीत. दर हंगामात एक पायरी पुढची दाखवायची, आणि नाही म्हणाला तर ते नाही ऐकायचं.

मोजमापाला तराजू लागत नाही. एका करवंटीला लाल खूण करा : एक करवंटी तांदूळ, दोन करवंट्या पाणी. कृती वाचता येत नसेल तर पायऱ्यांची चित्रं ओळीने भिंतीवर लावा, पायरी झाली की चित्र उलटं. विळी, कोयता आणि चूल यांना घाबरून माणसाला स्वयंपाकघराबाहेर ठेवू नका. आधी उकडलेला बटाटा सोलू दे, मग बोथट सुरीने केळं कापू दे, विळी फार पुढची. ज्यांना फिट येते त्यांना चुलीपाशी आणि विहिरीपाशी एकटं सोडायचं नाही, एवढा नियम मात्र कडक हवा.

वाफ्याचं तंत्र याहून सोपं. भात कापून झालं की नोव्हेंबरात तांबडी भाजी, मुळा, मिरची लावायची. ओळ सरळ येण्यासाठी सुंभाला वीतभर अंतरावर गाठी मारून ते वाफ्यावर ताणायचं, गाठ दिसली की रोप. तांबडी भाजी महिन्याभरात उपटायला येते, म्हणून सुरुवात तिनेच करावी. पेरणी आणि पान यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकं ‘मी लावलं म्हणून उगवलं’ हे कळणं सोपं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी जांभ्याचे चिरे रचून साधारण दोन फूट उंचीचा वाफा करता येतो. वाट सपाट हवी, आणि उतार करायचाच असेल तर एक फूट चढाला बारा फूट लांबी द्यावी. चिरा आमच्याकडे मिळतो, गवंडी आहे, फक्त हे डोक्यात यायला हवं.

जून ते सप्टेंबर बाहेर पाऊस कोसळत असतो. तेव्हा दिवस पडवीत येतो, आणि तिथे गाणं येतं. सिंधुदुर्गात भजन शिकवावं लागत नाही, ते कानावरच वाढतं. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, रात्रभर जागणारा हा मुलूख आहे. भजनाची रचनाच अशा माणसाला सोयीची आहे : बुवा ओळ म्हणतो, थांबतो, बाकीचे तीच ओळ उचलतात. ऐका, थांबा, तुमची पाळी. बोलणं जमत नाही अशी कितीतरी माणसं सुरात शब्द म्हणतात. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना गुणगुणण्यातून बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती अमेरिकेत १९७३मध्ये मांडली गेली, ती याच निरीक्षणावर. लय शरीराला आधीच सांगते की पुढचा ठोका कुठे आहे, म्हणून टाळ धरलेला हात हळूहळू जागेवर येतो. मात्र झांजेचा आवाज काहींच्या कानाला अक्षरशः दुखतो. त्यांना दाराजवळ बसवा आणि उठून जायची मोकळीक द्या. आणि आग्रह धरायचाच असेल तर एका गोष्टीचा धरा : वेगळं भजनी मंडळ काढू नका. गावाच्या मंडळात टाळ धरायला दोन जागा मागा. गणपतीत घरोघरी आरतीला जाताना त्याला मंडळाबरोबर जाऊ दे.

सुरुवात कशी करावी, असं मागच्या लेखानंतर काहींनी विचारलं होतं. चार माणसं, एक पडवी, आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, एवढ्यावर करा. वार बदलू नका. पहिलं वर्ष तांबडी भाजी, आमसुलं आणि दोन भजनं. बाजारपेठ शोधायला लांब जायला नको. मे अखेरीस मुंबईला परतणारा प्रत्येक चाकरमानी पिशवीत आमसुलं आणि कुळथाचं पीठ नेतोच. त्याने ती दुकानाच्या भावाने घ्यावीत. कमीही नको, दयेचे वरचे पैसेही नकोत. विक्रीचे पैसे मोजून ज्याने काम केलं त्याच्या हातात द्या आणि त्याच्याबरोबर बाजारात जा. तो भजी मागेल तर भजी. त्या दिवशी शहाणपणाची खरेदी त्याला सुचवू नका.