हगवण थांबली, मुरडा राहिला

पावसाळा लागला की अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातल्या शिक्षकाला 'पोट बिघडलंय' हे गैरहजेरीचे कारण नवे नसते. पहिल्या पावसात झऱ्या-ओढ्यांचे पाणी गढूळ होते, त्यात शेण आणि मैला मिसळतो. आठवड्याभरात मूल वर्गात परत येते. पण एखादे मूल, कधी गुरुजीही, पुढे महिनोन्महिने कुरकुरत राहतात. सकाळी मुरडा येतो, शौचाला जाऊन आले की बरे वाटते, कधी जुलाब होतात तर कधी खडा धरतो. तपासणीत काहीच सापडत नाही. मग 'मनाचे खेळ' असा शिक्का बसतो.

या दुखण्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. आपण चिडखोर आतडे म्हणू. ते खरोखर चिडलेले असते.

याचा एक धडा कॅनडातल्या वॉकरटन गावाने दिला. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पावसाने गुरांचे शेण उथळ विहिरीत वाहून गेले आणि क्लोरीन पुरेसे पडले नाही. सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात २३०० जण आजारी पडले, सात दगावले. संशोधकांनी पुढे या गावकऱ्यांचा पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनी, हगवण झाल्याची नोंद असलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांत चिडखोर आतड्याची लक्षणे होती. हगवण न झालेल्यांत ती १० टक्के होती. जंतू केव्हाच गेले होते, मग मागे काय राहिले?

बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये याचे एक उत्तर सुचवले. उंदरांना आतड्याचा संसर्ग असतानाच त्यांनी एक साधे प्रथिन खाऊ घातले. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले, तर आतड्यातल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन सोडले आणि मज्जातंतू चेतवले. जंतूंशी लढताना शरीराने शेजारच्या निरुपद्रवी अन्नालाही शत्रू ठरवले होते! मग १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया व दूध यांचे अंश टोचून पाहिले. बाराही जणांत कशाची ना कशाची प्रतिक्रिया उमटली. आठ निरोगी माणसांपैकी फक्त दोघांत. संख्या लहान आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. शिवाय प्रत्येक रुग्णाला आधी हगवण झालेली असतेच असे नाही.

मन यात नाहीच असेही नव्हे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते आणि त्याचे मेंदूशी सतत दळणवळण चालते. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो तो याच वाटेने. आधीच चिडलेल्या आतड्याला तेवढे निमित्त पुरते.

दुसरे निमित्त जेवणाचे. गहू, कांदा, लसूण आणि डाळी यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू धरतो. ज्वारीची भाकरी त्यामानाने सोसते, पण तिच्याबरोबर वाटीभर हरभऱ्याची डाळ खाल्ली तर भाकरीचा काय दोष? काय खाल्ल्यावर त्रास झाला याची दोन-तीन आठवडे वहीत नोंद केली, तर आपापले निमित्त बहुधा सापडते.

मात्र शौचातून रक्त, घटते वजन, ताप, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर हे निदान गृहीत धरू नये. आतड्याचा क्षय वा जंत असू शकतात. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो, त्यातही पोटात तीव्र कळा येतात. तेव्हा आधी डॉक्टर. आणि तास चालू असताना एखाद्याने बाहेर जायची परवानगी मागितली, तर कारण न विचारता जाऊ द्यावे. सगळ्या वर्गासमोर ते सांगावे लागणार या धास्तीनेही मुरडा येतो.