दात सरळ करायला दाढ काढतात? कधी आणि का?

वेडेवाकडे दात सरळ करायला तारा लावायच्या, तर आधी काही दात काढावे लागतील, असं डॉक्टर अनेकदा सांगतात. त्यात दाढेचं नाव आलं की पालक दचकतात. ज्या दाढेनं चावायचं, तीच का काढायची?

मुळात दात काढतातच का?

जबडा लहान आणि दात मोठे असले की दात एकमेकांवर चढतात किंवा पुढे येतात. त्यांना रांगेत बसवायला जागा लागते. एक उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधला दात काढला, की साधारण 7 मिलिमीटर जागा मिळते.

यावरचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण करणारे अमेरिकन डॉक्टर एडवर्ड अँगल यांचं मत होतं की एकही दात काढू नये. कॅल्व्हिन केस यांनी 1911 साली याला जाहीर विरोध केला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं, की दात न काढता केलेल्या अनेक रुग्णांचे दात पुन्हा वाकडे होतात. त्यांनी उपदाढा काढून त्यांच्यावर पुन्हा उपचार केले. आज डॉक्टर सरसकट नियम लावत नाहीत, प्रत्येक तोंड पाहून ठरवतात.

मग दाढ का नको?

गर्दी असते पुढच्या दातांत आणि दाढ असते मागे. दाढ काढली तर मधल्या सगळ्या दातांना मागे सरकावं लागतं. दाढेची जागाही मोठी, 10 मिलिमीटरच्या आसपास. ती बुजवायला वेळ लागतो, तारा जास्त काळ ठेवाव्या लागतात. म्हणून सगळे दात निरोगी असतील तर दाढ ही सहसा पहिली निवड नसते.

दाढ कधी काढतात?

पहिलं कारण कीड. दाढ इतकी किडली असेल की ती फार वर्षं टिकणार नाही, तर ती ठेवून शेजारची निरोगी उपदाढ काढण्यात अर्थ नसतो. काही मुलांची दाढ उगवतानाच कच्ची, पिवळट आणि ठिसूळ असते, तेव्हाही हाच विचार होतो.

दुसरं कारण म्हणजे ओपन बाईट. यात मागच्या दाढा टेकतात, पण पुढचे दात मिटतच नाहीत. अडकित्त्याच्या बिजागरीजवळ सुपारीचं खांड अडकलं तर पुढची टोकं उघडी राहतात, तसंच हे. काही निवडक रुग्णांत दाढ काढून मागचे दात पुढे आणले, तर जबडा जास्त मिटायला मदत होते.

तिसरं, कधी कधी वरची दुसरी दाढ काढून पहिली मागे सरकवतात आणि तिची जागा अक्कलदाढेनं घ्यावी अशी अपेक्षा असते. त्यासाठी अक्कलदाढ आहे का आणि तिचा आकार चांगला आहे का, हे आधी एक्स-रेमध्ये पाहावं लागतं. पण ती सरळच येईल याची खात्री देता येत नाही.

वेळ का महत्त्वाची?

पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे उगवते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच आहे, पडेल आपोआप, असं समजून अनेक घरांत तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतं.

अशी दाढ काढावीच लागणार असेल, तर साधारण 8 ते 10 हे वय चांगलं मानलं जातं. तेव्हा मागची दुसरी दाढ हिरडीखाली तयार होत असते आणि पुष्कळदा ती आपसूक पुढे सरकून रिकामी जागा घेते. वेळ टळली तर, विशेषतः खालच्या जबड्यात, ती पुढे कलंडते आणि मध्ये फट राहते. मग तेच काम तारांनी करावं लागतं, किंवा तिथे कृत्रिम दात बसवावा लागतो.

पण घाईही नको. वरचे दात पुढे आलेल्या मुलाची खालची दाढ विचार न करता काढली, तर खालचे पुढचे दात आत कलू शकतात आणि मूळ दोष वाढतो.

डॉक्टरांना काय विचाराल?

- हीच दाढ का? ती वाचवता येईल का?
- एक्स-रेमध्ये मागची दाढ आणि अक्कलदाढ दिसते का?
- फट आपोआप भरेल की तारांनी भरावी लागेल, आणि किती काळ लागेल?
- दात न काढता, मिनी-स्क्रूसारख्या साधनांनी काम होईल का?
- तारा काढल्यावर रिटेनर किती दिवस वापरायचा?

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर आज रात्री दात घासताना मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात अगदी मागे बघा. तिथे नवी दाढ दिसली आणि तिच्यावर काळा डाग किंवा खड्डा असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे लवकर जा. ती दाढ पुन्हा येणार नाही. वेळेत गेलात तर कदाचित ती काढावीही लागणार नाही.